आपला संघ परगावी खेळतोय? मग असं निघा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर असले, की गॅलरीत बरी जागा मिळवायला जेवण उरकून दुपारीच निघावं लागतं. तोच संघ गडहिंग्लजला, मिरजेला नाहीतर पुण्याला खेळायला गेला, की राखीव खेळाडूंच्या मागे मोजकीच माणसं दिसतात. याचा अर्थ पेठेचं संघावरचं प्रेम कमी झालंय असा नाही. मंगळवार पेठेतून किंवा शिवाजी पेठेतून स्टेडियमवर चालत जाता येतं. परगावी जायचं म्हणजे गाडी, सुट्टी, पैसे, घरच्यांचा होकार आणि रात्री परत यायची सोय हे सगळं एकत्र जुळावं लागतं. ते जुळवायला कोणीतरी एक जण पुढे आला, तर चाळीस माणसं आनंदानं निघतात. हा लेख त्या एका माणसासाठी आहे.

बाहेरच्या मैदानावर आपली माणसं असणं फार गरजेचं आहे. कोल्हापूरचा खेळाडू लहानपणापासून गर्दीच्या आवाजात खेळलेला असतो. बॉल पायात आला की मागून गलका होणार, ही त्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. परक्या गावात तो आवाज समोरच्या संघाचा असतो. आपल्याकडची बहुतेक पोरं नोकरी, कॉलेज, दुकान सांभाळून खेळतात आणि त्यांना बाहेरचे प्रशिक्षक, निवड समितीची माणसं बघतात ती बऱ्याचदा बाहेरच्याच स्पर्धांत. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव देशाकडून खेळला. तशी स्वप्नं बघणारी पोरं आजही प्रत्येक तालमीत आहेत. त्यांच्यासाठी पन्नास माणसांनी एक दिवस काढावा, एवढं मागणं जास्त नाही.

आता कामाचं बोलू.

आधी सामना पक्का करा

व्हॉट्सॲपवर फिरणारं वेळापत्रकाचं चित्र खरं धरून गाडी ठरवू नका. तारीख, वेळ आणि मैदान या तीन गोष्टी संघाच्या व्यवस्थापकाकडून किंवा थेट संयोजकांकडून कानाने ऐका. फोन तीनदा करायचा: गाडी ठरवण्याआधी, आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या तासभर आधी. पाऊस, परीक्षेसाठी शाळेचं मैदान लागणं, निवडणूक, गावातल्या एखाद्या मोठ्या माणसाचं निधन, पोलिसांची परवानगी अडकणं, अशा कितीतरी कारणांनी स्थानिक स्पर्धेतला सामना एक दिवस पुढे जातो. गाडी कागलपर्यंत गेल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं.

वेळेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. पत्रिकेवर ‘दुपारी ४ वाजता’ लिहिलेलं असतं, पण त्याआधी दुसरा सामना असेल तर आपला सामना तो संपल्यावर सुरू होणार. पहिला सामना टायब्रेकरवर गेला, पाहुण्यांची ओळख लांबली, तर साडेचार सहज होतात. म्हणून तीन प्रश्न विचारून घ्या. आपल्या आधी सामना आहे का? एक डाव किती मिनिटांचा आहे? बरोबरी झाली तर जादा वेळ आहे की थेट टायब्रेकर? पूर्ण ९० मिनिटांचा सामना मध्यंतर आणि वाया गेलेला वेळ धरून दोन तासांच्या जवळ जातो. जादा वेळेची ३० मिनिटं आणि पेनल्टी धरल्या तर आणखी पाऊण ते एक तास. म्हणजे चारचा सामना प्रत्यक्षात सात वाजताही संपू शकतो. अंतिम सामना असेल तर बक्षीस समारंभ वेगळा. चषक उचलताना आपलेच लोक गाडी गाठायला पळत असतील, तर आलो कशाला?

परतीपासून मागे मोजा

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. बहुतेक जण जायचं कसं हे ठरवतात आणि यायचं बघू म्हणतात. तुम्ही उलटं करा. सामना उशिरात उशिरा किती वाजता संपेल ते धरा, त्यात मैदानातून बाहेर पडून गाडीपर्यंत पोहोचायला अर्धा-पाऊण तास मिळवा, आणि त्या वेळेला कोल्हापूरकडे येणारं काय मिळतं ते बघा. शेवटची एसटी किंवा रेल्वे त्याआधीच जाणार असेल, तर स्वतःची गाडी करण्याला पर्याय नाही. हे एकदा ठरलं, की जायचं कसं, किती खर्च येईल, लहान मुलांना न्यायचं का, हे सगळं आपोआप सुटतं.

घरच्यांना सांगायची वेळही याच हिशेबातून काढा. ‘नऊपर्यंत येतो’ म्हणून बाराला येणाऱ्या पोराला पुढच्या वेळी घरून सोडत नाहीत. बारा होतील असं आधीच सांगितलं तर सोडतात. आईवडिलांचा हा विश्वास टिकला, तरच संघामागे शाळकरी पोरं येतात, आणि उद्याचा प्रेक्षक त्यांच्यातूनच तयार होतो.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत आणखी एक गुंता असतो. जिंकलो तर परवा पुन्हा यायचंय, हरलो तर विषय संपला. म्हणून गाडीवाल्याशी बोलतानाच पुढच्या फेरीची तारीख सांगून ठेवा, ‘जिंकलो तर त्याच रात्री नक्की करतो’ असा शब्द द्या आणि तो पाळा. नोकरी करणाऱ्यांनी साहेबांना आधीच सांगून ठेवलं तर आयत्या वेळी खोटं बोलायची पाळी येत नाही.

गाडी कोणती?

माणसं किती, यावर हे ठरतं. पाच-सहा जण असतील तर कोणाची तरी चारचाकी आणि डिझेलची वाटणी. बारा ते सतरा जण असतील तर टेम्पो ट्रॅव्हलर सगळ्यांत सोयीची. चाळीसच्या पुढे आकडा गेला तर एसटीचा प्रासंगिक करार विचारात घ्या. लग्नाला, सहलीला जशी एसटी घेतात तशीच ती सामन्यालाही मिळते. आगारात जाऊन अर्ज करायचा, तारीख, मार्ग आणि थांबण्याचे तास सांगायचे, अनामत भरायची. आठवडाभर आधी गेलात तर बरं, कारण लग्नसराईत आणि सहलींच्या दिवसांत गाड्या शिल्लक नसतात. खासगी बसपेक्षा ती आरामाला कमी असेल, पण चालक नियमानं चालणारा असतो आणि घरची मंडळी एसटी म्हटलं की निर्धास्त होतात.

खासगी गाडी करताना भाव तोंडी ठरवू नका. दर किलोमीटरला किती, दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, टोल कोणाकडे, चालकाचा भत्ता किती, रात्री अमुक वाजल्यानंतर जादा घेणार का, हे मोबाईलवर लिहून मालकाला पाठवा आणि त्याचं ‘हो’ घ्या. कर्नाटक किंवा गोव्यातून जायचं असेल तर पिवळ्या पाटीच्या गाडीला त्या राज्याचा परवाना आणि कर लागतो. तो कोण भरणार हे आधी विचारा. गडहिंग्लज आपल्याच जिल्ह्यात असलं, तरी निपाणी–संकेश्वर मार्गानं गेलात तर मधला रस्ता कर्नाटकातून जातो, हे विसरू नका.

चालक दुपारभर झोपला पाहिजे, हे माझ्या यादीत फार वर आहे. त्याला मैदानावर ओढत नेऊ नका. जेवण वेळेवर द्या, गाडी सावलीत लावायला जागा शोधून द्या. रात्री सगळी गाडी पेंगत असते तेव्हा तो एकटा जागा असतो. एक समजूतदार माणूस त्याच्या शेजारी जागा ठेवा.

छोटा हत्तीच्या हौद्यात उभं राहून झेंडे फडकवत जाणं मात्र पूर्ण बंद करा. मालवाहू गाडीतून माणसं नेणं कायद्यानं गुन्हा आहे आणि अपघात झाला तर मागे बसलेल्यांच्या विम्याचे वांधे होतात. दुचाकीवरून दिवसाउजेडी मिरजेपर्यंत जाणं समजू शकतो, पण रात्रीचं परतणं नको. आपला फुटबॉल हंगाम आणि ऊसाचा हंगाम एकाच वेळी असतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हातकणंगले, शिरोळ, कागल, गडहिंग्लज, कुठल्याही रस्त्यावर अंधारात ऊसाच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, आणि सगळ्यांच्याच मागे लाल दिवा किंवा चकाकणारी पट्टी असते असं नाही. सामना जिंकून भरात गाडी मारणाऱ्या पोराला ती ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसते.

गावागावाचा हिशेब वेगळा

गडहिंग्लज. आपल्या जिल्ह्यातलं कोल्हापूरखालोखाल फुटबॉलवेडं गाव. दिवाळीच्या सुमाराला तिथं गडहिंग्लज युनायटेडची मोठी स्पर्धा भरते, एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर, आणि बाहेरच्या राज्यांतले संघही येतात. तिथला प्रेक्षक जाणकार आहे. चांगल्या पासला टाळी देतो, मग तो कोणाच्याही संघाचा असो. कोल्हापूरपासून अंतर ७० किलोमीटरच्या आसपास, एसटीनं दोन तास धरा. मध्यवर्ती बसस्थानकावरून थेट गाड्या आहेतच, शिवाय चंदगडकडे जाणाऱ्या गाड्याही गडहिंग्लजवरून जातात. अडचण परतीची. दिवाळीत एसटीला तुफान गर्दी असते, भाऊबिजेच्या आसपास तर उभं राहायलाही जागा मिळत नाही. त्यामुळे इथं स्वतःची गाडी करून जाणंच शहाणपणाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे सूर्य मावळला की गारठा पडतो, तेव्हा दुपारी उकडत असलं तरी स्वेटर घ्या. वेळ असेल तर बाजारातून संकेश्वरी मिरची घेऊन या. घरच्यांची परवानगी पुढच्या वेळी लवकर मिळेल.

मिरज. सगळ्यांत सोपा दौरा, आणि पहिल्यांदाच लोकांना नेत असाल तर इथूनच सुरुवात करा. रस्त्यानं ५० किलोमीटर. रेल्वेनं वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत पॅसेंजरनं गेलात तर तिकीट सगळ्यांत स्वस्त पडतं आणि डब्यात सगळे एकत्र बसतात. कॉलेजच्या पोरांसाठी याहून चांगला प्रवास नाही. येताना मुंबईहून येणारी कोयना एक्सप्रेस संध्याकाळी मिरजेवरून कोल्हापूरकडे येते, पण तिला उशीर होऊ शकतो आणि सामना लांबला तर ती निघूनही गेलेली असते. तेव्हा त्या दिवसाच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा निघण्याआधी बघून ठेवा आणि एसटीचा पर्याय मनात असू द्या. रस्त्यानं जाताना अंकलीजवळ सांगली आणि मिरज असे फाटे फुटतात. एसटीत बसताना गाडी कुठं जाते ते वाहकाला विचारा, नुसती पाटी वाचून चढू नका.

बेळगाव. ११० किलोमीटर, हमरस्ता चांगला, वाटेत कोगनोळी आणि हत्तरगीचे टोल. माणसं आपली, भाषा आपली, फुटबॉलची आवड जुनी. पण एक पथ्य कडक पाळायचं. सीमाप्रश्नावर घोषणा नकोत, तसले झेंडे नकोत, गाडीवर तसलं काही लिहिणं नको. आपल्या मनात काय आहे ते असू दे, पण सामन्याच्या दिवशी त्यातून काही भडकलं तर त्रास तिथं राहणाऱ्या मराठी माणसाला होतो, आपण रात्री घरी येऊन झोपतो. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाच्या, आसपासचे दिवस टाळता आले तर टाळा. तणाव वाढला की दोन्ही राज्यांच्या बस थांबतात, डिसेंबर २०२२ मध्ये तसं झालं होतं. आणि महिला, ज्येष्ठ यांना एसटीत मिळणारी सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच धरली जाते, हे लक्षात ठेवून पैसे गोळा करा.

पुणे. २३० किलोमीटर. कागदावर चार-साडेचार तास, पण सातारा–कागल सहापदरीकरणाची कामं निघाल्यापासून या रस्त्यावर वेळेचा भरवसा राहिलेला नाही. किमान एक तास जास्त धरा. रविवारी संध्याकाळी खंबाटकी घाटात पुण्याकडे जाणारी गर्दी असते, आपण तेव्हा उलट दिशेनं येत असतो हे त्यातल्या त्यात बरं. सामना बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात असेल तर स्वारगेटला उतरण्याची चूक करू नका. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या बाहेरच्या वळणरस्त्यानं चांदणी चौक, बालेवाडीवरून जातात, आणि संकुल त्याच हमरस्त्याला लागून आहे. तिथंच उतरा. पुण्यात शिकणारी, कंपनीत असणारी आपली पोरं भरपूर आहेत. त्यांना चार दिवस आधी निरोप गेला तर कोल्हापुरातून वीस आणि पुण्यातून साठ अशी गर्दी जमते. परगावच्या सामन्यात माणसं वाढवायचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही आणि आपण तो फार कमी वापरतो.

मुंबई. कूपरेजला जायचं तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटी. तिथून मैदान टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांवर आहे, लोकलनं येणाऱ्यांना चर्चगेट जवळ. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि एका अर्जावर सहाच नावं बसतात, म्हणून सहा-सहाचे गट करून एकेका जबाबदार माणसाकडे द्या. परतीच्या महालक्ष्मीचा हट्ट धरू नका. संध्याकाळचा सामना लांबला तर ती हातची जाते. अशा वेळी रात्री उशिराची बसच बरी.

गोव्याबद्दल थोडक्यात. मडगावचं फातोर्डा काय किंवा म्हापशाचं दुलेर काय, फुटबॉल बघायला याहून छान ठिकाणं जवळपास नाहीत. पण घाट दिवसाच उतरा, कुठला घाट चालू आहे ते आदल्या दिवशी विचारा आणि गाडीत बाटली नको. सीमेवर झडती होते, आणि एकाच्या पिशवीपायी सगळी गाडी तासभर उभी राहते.

वर्गणी आणि यादी

माणशी रक्कम ठरवताना गाडी, टोल, चालकाचा भत्ता, पाणी आणि एक जेवण धरा, त्यावर दहा टक्के जादा टाका. ‘येतो’ म्हणणाऱ्याचं नाव यादीत लिहू नका. पैसे आले की नाव लिहा. हे कडक वाटतं, पण गाडीत सतरा जागा असताना सव्वीस ‘येतो’वाले आणि निघताना अकरा हजर, अशी फजिती यानेच टळते. पैसे एकाच्याच खात्यावर घ्या, हिशेब दुसऱ्यानं लिहावा. शाळा-कॉलेजच्या पोरांकडून निम्मे घ्या आणि उरलेला भार पेठेतल्या दुकानदारांकडून, जुन्या खेळाडूंकडून मागा. खेळासाठी मागितलेले पैसे कोल्हापुरात कोणी नाकारत नाही, हिशेब दिला तर.

जुन्या खेळाडूंना नुसते पैसे मागू नका, गाडीतही घ्या. साठीतला माणूस ज्या काळी त्याच मैदानावर खेळला, तिथं त्याला परत घेऊन जाणं ही मोठी गोष्ट आहे. ७५ वर्षांवरच्यांना महाराष्ट्रात एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वाल्यांना आणि महिलांना अर्धं तिकीट. ओळखपत्र जवळ ठेवा. प्रासंगिक कराराच्या गाडीला मात्र ही सवलत धरून चालू नका, तो सगळा हिशेब किलोमीटरवर असतो.

आणि बायका, मुली यायच्या असतील तर मैदानावर स्वच्छतागृह कुठं आहे, हे संयोजकांना आधी विचारा. ठीक नसेल तर जवळचं एखादं हॉटेल किंवा ओळखीचं घर शोधून ठेवा. हा प्रश्न सुटला नाही म्हणून कित्येक जणी घरी बसतात, आणि कारण कधी सांगत नाहीत.

पिशवीत काय

दोन लिटर पाणी, टोपी, औषधं, चार्ज केलेली बॅटरी, सुटे पैसे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, तेव्हा मोबाईलसाठी प्लॅस्टिकची पिशवी. खायला भडंग आणि केळी यांना तोड नाही. भडंग सांडत नाही, बिघडत नाही आणि दहा जणांत पुरतो. तांबडा-पांढऱ्याचा बेत परतीवर ठेवा. भर दुपारी मटण हाणून उन्हात दोन तास ओरडणं कोणाच्याच पोटाला झेपत नाही.

झेंड्याची काठी घेऊ नका, कापड घ्या. काठ्या फाटकावरच काढून घेतात आणि न काढल्या तर नको त्या वेळी हातात असतात. फटाके, रंगीत धूर, काचेच्या बाटल्या घरी. हलगी जरूर घ्या, पण वाजवणारा बरोबर आहे याची खात्री करून. ज्याला ठेका येत नाही त्यानं बडवलेली हलगी खेळणाऱ्या पोरांनाही नकोशी होते.

मैदानावर

सामन्याच्या तासभर आधी पोहोचा. आल्याआल्या बंदोबस्तावरच्या पोलिसांना आणि संयोजकांना भेटा: आम्ही कोल्हापूरचे, एवढे जण आहोत, कुठं बसू? हे दोन मिनिटांचं बोलणं दिवसभर उपयोगी पडतं. एका बाजूला एकत्र जागा मिळते आणि काही झालं तर कोणाशी बोलायचं हे दोन्हीकडे माहीत असतं. बसताना आपल्या राखीव खेळाडूंच्या मागची बाजू मागा.

खेळाडूंना सामन्याआधी भेटायला जाऊ नका. सेल्फी, खांद्यावर हात, ‘भावा आज दोन मारायचे’ हे सगळं प्रेमाचं असतं, पण पोरगं त्या वेळी स्वतःत असतं. त्यापेक्षा व्यवस्थापकाला विचारा की बर्फ हवाय का, पाण्याचे जार कमी पडतायत का, पट्टी-स्प्रे आहे का. छोट्या संघांकडे बाहेरगावी या गोष्टी हमखास कमी पडतात, आणि प्रेक्षकांनी त्या पुरवल्या तर संघाला ते वर्षभर आठवतं.

ओरडायचं कशासाठी? आपल्या संघासाठी. समोरच्या संघाच्या आईबहिणीवरून नाही, त्याच्या पेठेवरून किंवा गावावरून नाही. आपल्याकडे आफ्रिकेतून आलेले खेळाडू बरीच वर्षं खेळतायत. समोरच्या संघात तसा कोणी असेल तर त्याच्या रंगावरून एक शब्दही आपल्या गटातून निघता कामा नये, आणि निघाला तर शेजाऱ्यानं तिथंच थांबवावं. यात मला कसलीही तडजोड मान्य नाही. पंच चुकला तर हळहळा, ओरडा, पण रेषेच्या आत पाय नको. प्रेक्षक मैदानात उतरले की सामना थांबतो, आणि शिक्षा आपल्याला नाही, संघाला होते. दंड, पुढच्या वर्षी प्रवेश नाही, कधी समोरच्याला पुढे चाल. वर्षभर घाम गाळलेल्या पोरांचं आपण एका मिनिटात नुकसान करतो.

हुल्लडबाजीचा दुसरा परिणाम पोरांना कोणी नीट सांगत नाही. दगडफेकीच्या गुन्ह्यात नाव आलं की ते पोलीस भरतीच्या, पासपोर्टच्या, सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत वर येतं. गर्दीत नुसते उभे असणारेही चित्रीकरणात दिसतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर या प्रकारांनी सामने थांबलेत, पोलिसांनी गुन्हे दाखल केलेत. परगावी तर आपल्याला ओळखणारा, ‘हे पोरगं त्यातलं नाही’ असं सांगणारा हवालदारही नसतो. म्हणून गाडीतच प्रत्येक दहा जणांमागे एक थोरला माणूस नेमा आणि त्याचं ऐकायचं, हे निघतानाच ठरवून घ्या.

हरलो तरी शेवटच्या शिट्टीनंतर पाच मिनिटं जागेवर थांबा आणि पोरं मैदानाबाहेर येताना टाळ्या वाजवा. जिंकलो तर समोरच्यांच्या गल्लीतून मिरवणूक काढू नका. गुलाल घरी, आपल्या चौकात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक आणि वाद्यांना बंदी आहे, परक्या गावात तर ती कडक लागू होते.

निघताना आणि आल्यावर

गाडी कुठं उभी आहे आणि किती वाजता सुटणार, हे सामना सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगा. नंतर गर्दीत फोन लागत नाहीत. गाडीत बसल्यावर नावं वाचून मोजणी करा, नुसती डोकी मोजू नका. डोकी बरोबर भरतात आणि आपला माणूस दुसऱ्याच मंडळाच्या गाडीत बसलेला असतो. सगळे आले की घरच्यांच्या गटावर एक संदेश टाका: निघालो, सगळे आहेत, अंदाजे अमुक वाजता पोहोचू. शाळकरी पोरांना चौकात सोडून देऊ नका, घराच्या दारापर्यंत न्या.

हिशेब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गटावर आला पाहिजे, पावत्यांच्या फोटोसकट. उरलेले पैसे परत वाटत बसण्यापेक्षा पुढच्या सामन्याच्या गाडीच्या अनामतीसाठी ठेवायचे का, हे सगळ्यांना विचारा आणि बहुमतानं करा. संघ पुढच्या फेरीत गेला असेल तर गाडीवाल्याला त्याच रात्री फोन करायचाय, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून लिहायची, पैसे आलेल्यांचीच.